मास्तर तसे नाहीत

आपल्या भाषेत 'तसा' हा शब्द मोठा बेरकी आहे. स्वतः काही बोलत नाही, नुसतं बोट दाखवतो, आणि ते बोट कुठे दाखवलंय हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. दारू पिणारा तसा, उधळ्या तसा, बायकांच्या मागे लागणारा तसा. आणि ज्या गोष्टीचं नाव घ्यायला लोकांची जीभ रेटत नाही, तीसुद्धा तशीच. एवढ्याशा शब्दानं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचा संसार मांडायच्या आधीच मोडला. निदान मास्तरांना आधी असंच वाटलं. शब्दाला बिचाऱ्याला हातपाय नसतात, तो कोणीतरी वापरावा लागतो, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं.

मास्तर म्हणजे चाळिशी ओलांडलेला, भांग नीट पाडणारा, मोजकं बोलणारा माणूस. दिवसभर शिकवायच्या गाडीत बाजूच्या सीटवर बसायचं. त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच होता. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडी आपण थांबवली; थांबवलेली असायची मास्तरांनी. "छान," ते म्हणायचे, "पुढच्या वेळी जरा आधी दाबा." आवाज चढवणं त्यांना जमायचंच नाही. एका बाईंनी गाडी थेट फुलांच्या दुकानाच्या पायरीवर चढवली, तेव्हाही त्यांनी एवढंच विचारलं, "इथे उतरायचं होतं का?"

स्कूल मूळचं थोरल्या भावाचं. भाऊ अचानक गेला, तेव्हा मास्तर लांब पल्ल्याच्या ट्रकवर होते. वहिनी एकटी पडली. ही वहिनी घरात आली तेव्हा मास्तर हाफचड्डीत होते, नाक वाहत होतं. आईमागे तिनंच त्यांना जेवू घातलं, शाळेत सोडलं, तापात रात्री जागून काढल्या. त्यामुळे ट्रक सोडायचा की नाही याचा मास्तरांनी विचारसुद्धा केला नाही. आले आणि बाजूच्या सीटवर बसले, ते बसलेच. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक फोन, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि टेबलामागे वहिनी.

आता त्या फोनचं सांगतो. हे मास्तरांना फार उशिरा कळलं, पण तुम्ही आधीच ऐकून घ्या, नाहीतर पुढे कुठे हसायचं ते कळणार नाही. एका गृहस्थांचा फोन आला. बायकोला गाडी शिकवायची होती. बराच वेळ घुटमळून त्यांनी विचारलं, "मास्तर कसे आहेत हो? म्हणजे, बायकांच्या बाबतीत?"

"छे हो," वहिनी म्हणाली, "तो तसा नाही. बायकांकडे ढुंकूनही बघत नाही."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही. म्हणून तर अजून लग्न केलं नाही."

मग गृहस्थांचा आवाज एकदम मोकळा झाला. "अच्छा, अच्छा. म्हणजे ते तसे आहेत. मग काही प्रश्नच नाही."

बघा कसं झालं ते. 'तसा नाही' म्हणून निघालेला माणूस तारेच्या दुसऱ्या टोकाला 'तसा' होऊन पोचला. त्या गृहस्थांची बायको आली, तिच्या पाठोपाठ तिच्या मैत्रिणी आल्या, मैत्रिणींच्या नणंदा आल्या. शहरात दुसरी स्कूलं माशा मारत बसली होती आणि इथे बायकांना महिना महिना थांबावं लागत होतं. मास्तरांना वाटायचं, आपण शिकवतो चांगलं.

बायका त्यांच्याशी जे बोलायच्या ते सख्ख्या बहिणीशी बोलणार नाहीत. एकीच्या नवऱ्याचं घोरणं, दुसरीच्या सासूचं टोमणे मारणं, तिसरीचं गुपचूप केलेलं डाएट. मास्तर समोर रस्त्यावर नजर ठेवून "हं, हं, आरसा बघा" म्हणायचे. नवरे मंडळी बायकोला सोडायला यायची आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारून हसत निघून जायची. एका बाईंनी विचारलं, सोफ्याला कुठला रंग शोभेल. मास्तरांनी मनापासून विचार करून सांगितलं, "राखाडी घ्या. डाग दिसत नाहीत." झालं, हा पुरावा गावभर फिरला. केवढी नजर आहे म्हणे रंगाची.

मास्तरांना हा सगळा आदर वाटत होता. काय म्हणावं या माणसाला. दुसऱ्याच्या गाडीचा टायर जरा बसला तर यांना चौकापलीकडून कळायचं, आणि स्वतःच्या पाठीमागे काय चाललंय त्याचा पत्ता नाही.

लग्नाचं म्हणाल तर दोनदा जमत आलं होतं. दोन्ही वेळा मंडळी घरी आली, हसली, बोलली, वहिनीशी फोनवर पुढचं ठरवायचं म्हणून गेली, आणि मग गप्प झाली. "नाही म्हणाले," वहिनी सांगायची, आणि त्या दिवशी मास्तरांना आवडतं ते करून वाढायची. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला गाडीखालून डोकं काढून म्हणायचा, "मास्तर, तुझी वहिनी तुला गाडीसारखी वापरतेय. पेट्रोल घालायचं आणि पळवायची." मास्तर शांतपणे म्हणायचे, "वहिनी तसली नाही." हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं.

मग चष्मेवाली आली.

ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. लोकांचे नंबर काढायची, काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. पस्तिशी पार केलेली, एकदा लग्न होऊन मोडलेलं. जगाची नजर तपासणाऱ्या या बाईला फुटपाथ किती लांब आहे ते मात्र कधी कळायचं नाही. आणि क्लचवरचा पाय पुरता कधी सोडायची नाही. "हाफ क्लचवर किती वेळ राहणार?" मास्तर विचारायचे. "क्लचप्लेट जळते अशानं."

"सोडला आणि गाडी पळाली तर?"

"पळायलाच असते हो ती."

ती इतकी हसली की गाडी बंद पडली. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवले. मास्तरांनी पहिल्यांदाच ते ऐकले नाहीत. त्या दिवसापासून मास्तर सकाळी भांग दोनदा पाडू लागले.

दोघांचं जमत चाललं होतं. ती धडा संपल्यावरही स्टिअरिंगवर हात ठेवून बोलत बसायची. एकदा तिनं मास्तरांच्या डोळ्यांकडे नीट बघून सांगितलं, "तुम्ही लांबच्या पाट्या डोळे बारीक करून वाचता. या एकदा दुकानात." मास्तरांना वाटलं, इतकं बारीक आपल्याकडे आजवर कोणी बघितलं नाही. आणि खरंच नव्हतं बघितलं.

मग एका सकाळी ती धड्याची वेळ बदलून घ्यायला ऑफिसात वहिनीकडे गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. पुढचा आठवडा आलीच नाही. आली तेव्हा डोळे सुजलेले, पण वागणं फार गोड, फार हसरं, जरा जास्तच. येता-जाता मास्तरांच्या खांद्यावर चापट मारू लागली. नवऱ्याघरी काय काय सोसलं ते सगळं, अगदी सगळं, सांगून टाकलं. मास्तरांना वाटलं, किती विश्वास टाकला बाईनं. आणि मग म्हणाली, "मास्तर, माझं एक माणूस आहे. जवळचं. तुम्हाला भेटवायचंय. रविवारी याल?"

"माझं माणूस" म्हटल्यावर मास्तरांना काय कळायचं ते कळलं. घरचं कोणीतरी आपल्याला बघणार. त्यांनी नवा शर्ट घेतला, फिकट निळा. रविवारी निघताना वहिनीनं विचारलं, "एवढं नटून कुठे?"

"चष्मेवालीच्या घरचं कोणी भेटणार आहे," मास्तर म्हणाले. कान लाल झाले होते. "बहुतेक तेच बोलायचं असेल. लग्नाचं."

वहिनीचा हात हवेतच थांबला. मग तो पुढे आला आणि तिनं दिराची कॉलर नीट केली. बोलली काहीच नाही. ही कॉलर लक्षात ठेवा. मला या सगळ्या प्रकारात दुसऱ्या कशाचा नाही एवढा त्या कॉलरचा संताप येतो.

चहाच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मेवालीचा धाकटा भाऊ बसला होता. औषधांच्या दुकानात असायचा. सडपातळ, भिडस्त, हातरुमालाची घडी घालत आणि मोडत बसलेला. चष्मेवालीनं ओळख करून दिली, "बसा दोघं निवांत," म्हणाली आणि चक्क निघून गेली. मास्तरांना हे जरा विचित्र वाटलं. पण असेल, बहिणीसमोर भाऊ मोकळेपणी बोलणार नाही.

"ताईनं तुमच्याबद्दल इतकं सांगितलंय," औषधवाला म्हणाला. "खरं सांगतो, मी जरा घाबरलोय."

"घाबरायचं काय त्यात. असल्या गोष्टी समोरासमोर बोललेल्या बऱ्या."

"आधी कोणी होतं तुमच्या आयुष्यात?"

"दोनदा जमत आलं होतं. समोरून नकार आला."

"लोकांची भीती वाटली असणार त्यांना."

"असेल. ट्रकवर होतो ना मी," मास्तर म्हणाले.

औषधवाल्याला यातलं काही कळलं नाही, पण त्यानं समजुतीनं मान हलवली. "घरी माहीत आहे?"

"वहिनी आहे फक्त. तिला सांगून आलोय. काही बोलली नाही. कॉलर नीट केली."

औषधवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नशीबवान आहात. आमचे वडील यावरून माझ्याशी बोलायचेच बंद झाले होते."

मास्तरांना वाटलं, बहिणीचं लग्न मोडलं त्याचं खापर बापानं या गरिबावर फोडलं असणार. फार वाईट वाटलं त्यांना. काहीतरी चांगलं बोलावं, आपले बेत सांगावेत, म्हणून ते पुढे झुकून म्हणाले, "एक स्पष्ट सांगतो. मला मुलं फार आवडतात."

औषधवाला कानापर्यंत लाल झाला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "मलाही."

"पण आता या वयात होतील की नाही, शंकाच आहे. माझं सोडा, ताईंचंही वय झालंच की."

"ताईचं?" रुमालाची घडी अर्धवट राहिली. "ताईचा काय संबंध?"

"म्हणजे, लग्न ताईंशीच करायचंय ना मला."

चहावर साय धरली. वेटर बिल घेऊन आला आणि दोघांची तोंडं बघून तसाच परत गेला. औषधवाल्याला आधी उलगडलं. रोज डॉक्टरांची वाईट अक्षरं वाचायची सवय होती त्याला. त्यानं रुमाल खिशात घातला. "तुम्ही... तसे नाही."

"कसा?" मास्तरांनी विचारलं.

तेव्हा त्यानं सांगितलं. नाव घेऊन, सरळ, 'तसा' शब्द न वापरता सांगितलं. स्वतःबद्दल सांगितलं आणि सगळं गाव मास्तरांबद्दल काय धरून बसलंय तेही सांगितलं. मास्तर ऐकत होते आणि डोक्यात एकेक दिवा लागत होता. पाठीवरच्या थापा. राखाडी सोफा. बायकांची गुपितं. वर्षानुवर्षं ज्याला आदर समजलो तो हा होता तर.

"पण तुमच्या ताईंना हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "बायकांनीच ना?"

औषधवाल्यानं कप बाजूला सरकवला. "बायकांचं ती मनावर घेत नाही. ती विचारायला गेली होती. तुमच्या ऑफिसात. म्हणाली, आडून आडून नको, घरच्या माणसालाच विचारावं. तुमच्या मनात लग्नाचं आहे का, ते. वहिनींनी तोंडावर सांगितलं, तो तसा आहे, वाट बघण्यात अर्थ नाही. आठवडाभर जेवली नाही ताई. मग म्हणाली, निदान त्यांचं तरी भलं व्हावं. म्हणून मला..." त्यानं स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. "मी पण नवा घेतला होता."

दोन नवे शर्ट एकमेकांसमोर बसले होते. या मुलाची काय चूक होती, सांगा. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याच्यासाठी माणूस शोधलं, आणि तेही खोटं निघालं. "तुमचा काही दोष नाही," मास्तर म्हणाले. "तसा असतो, तर तुमच्यासारखं माणूस मिळालं म्हणून खूश झालो असतो." चहाचे पैसे देऊन ते उठले आणि थेट ऑफिसात गेले.

वहिनी ऑफिसातच होती. रविवार असून टेबलाशी बसली होती, म्हणजे वाटच बघत होती. मास्तर उभेच राहिले.

"लोकांचा गैरसमज झाला रे," तिनंच सुरुवात केली. "मी तर तुझं चांगलंच सांगितलं होतं. म्हटलं, तो तसा नाही. त्यांनी उलटा अर्थ काढला, त्याला मी काय करू?"

"लोकांचं जाऊ दे. चष्मेवालीला काय सांगितलंस?"

वहिनी टेबलावरची काच पुसू लागली. काच स्वच्छच होती.

"आणि ती दोन स्थळं, त्यांनाही फोनवर हेच सांगितलंस?"

काच पुसणं थांबलं. उत्तर मिळालं.

"तू गेला असतास," वहिनी म्हणाली. आवाज फाटला. "बायको आली की माणूस वेगळं घर करतो. मी काय केलं असतं एकटीनं? मी तुला वाढवलं, माझ्या हातानं भरवलं. मला कोण आहे तुझ्याशिवाय?"

खोटं नव्हतं ते. तेच तर वाईट होतं. परक्यानं गळा कापला तर ओरडता तरी येतं. इथे सुरी धरणारा हात लहानपणी तोंड पुसणारा होता.

"लोक मला काय समजले, त्याचं मला काही नाही," मास्तर म्हणाले. "तसा असतो तर ताठ मानेनं राहिलो असतो. पण नसलेलं माझ्या नावावर लावलंस. आणि आज सकाळी माझी कॉलर नीट केलीस, वहिनी. तेव्हा तरी बोलायचं होतंस."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनीचा हात सवयीनं पुढे गेला, पण मास्तरांनी उचलला. पलीकडे कोणी गृहस्थ होते. मिसेसला शिकवायचं होतं. मास्तर कसे आहेत, म्हणजे, बायकांच्या बाबतीत? वहिनी डोळ्यांनी विनवत होती.

"मास्तर इथे नसतात आता," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. गाडीची चावी टेबलावर ठेवली, बाहेर पडले.

कोपऱ्यावर गॅरेजवाला रविवारचा रेडिओ ऐकत बसला होता. त्याला चेहऱ्यावरून कळलं. "काय झालं? वहिनी काही बोलली? मी तुला सांगत नव्हतो..." मास्तरांनी सवयीनं तोंड उघडलं. वहिनी, एवढंच बाहेर आलं. पुढचं वाक्य इतक्या वर्षांत कधी अडलं नव्हतं, आज अडलं. गॅरेजवाल्यानं रेडिओ बंद केला आणि स्टूल पुढे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर चष्म्याच्या दुकानात गेले. चष्मेवालीला रात्रीच भावाकडून सगळं कळलं होतं. ती त्यांना आतल्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं, नंबर काढायची जड गोल चौकट नाकावर ठेवली. आज शिकणाऱ्याच्या जागी मास्तर होते.

"समोरची ओळ वाचा," ती म्हणाली. मास्तरांनी वाचली. तिनं काच बदलली. "आता?" ते वाचायच्या आतच ती बोलू लागली. "मी तुमच्याशी काय काय बोलले, मास्तर. माझ्या नवऱ्याचं, अंथरुणातलंसुद्धा. मैत्रीण समजून बोलले. आता तोंड कुठे लपवू मी? तुम्ही एकदा तरी थांबवायचं होतं."

"मला वाटलं, माझ्यावर विश्वास टाकलात."

"टाकलाच होता. पण दुसऱ्याच कोणावर तरी." तिनं आणखी एक काच घातली, मग मधेच थांबली. "मी विचारायला गेले होते. खरंच गेले होते."

"वहिनीला विचारलंत."

"हो."

"मला नाही विचारलंत." मास्तरांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "गावानं वहिनीला विचारलं, स्थळांनी वहिनीला विचारलं. त्यांचं मला काही वाटलं नाही. पण तुम्ही रोज माझ्या शेजारी बसत होतात. मी बाजूलाच होतो. हात लांब केला असतात तरी लागला असता."

चष्मेवालीनं डोळे पुसले आणि सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "आता विचारते. लग्न कराल माझ्याशी?"

महिनोन्महिने मास्तरांनी याचं उत्तर जवळ बाळगलं होतं. आरशासमोर म्हणून बघितलं होतं. आणि आज विचारणारी समोर होती, तर ते सापडेना.

"काल सकाळपर्यंत हो होतं," ते म्हणाले. "आज मला कोणाचंच काही खरं वाटत नाही. तुमचंही. माझंही. थोडं थांबाल?"

मग तिनं चौकट त्यांच्या नाकावरून हलकेच काढली. "लांबचं दिसत नाहीये तुम्हाला," ती म्हणाली. "चष्मा परवा तयार होईल. कोणाच्या हाती पाठवू?"

"कोणाच्याच हाती नको," मास्तर म्हणाले. "मी स्वतः येईन. आपल्या मधे आता कोणाला घालू नका."